दोन ठोके, थांबून एक

थोरलीच्या पडदे-कव्हरांच्या दुकानात तीन गोष्टींना मज्जाव होता: उष्टे हात, ओली छत्री आणि केस गाळणारं जनावर. पडद्याच्या कापडावर यांतलं काहीही पडलं की गिऱ्हाईक तोंडावर गोड बोलतं आणि चार घरी जाऊन नाव घालवतं. गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं, नाव गेलं तर ते आणायला कुठल्या बाजारात जायचं, असं ती म्हणायची.

म्हणून त्या सकाळी ती वरच्या खोलीतून खाली आली आणि दुकानाच्या पायरीवर एक बोका बसलेला दिसला, तेव्हा सगळ्यांनी आधी थोरलीच्या तोंडाकडे बघितलं. बोका राखाडी रंगाचा, डोकं चांगलं नारळाएवढं आणि मागे नुसता सांगाडा, जसं काही डोकं एकाचं आणि अंग दुसऱ्याचं शिवून जोडलंय. उठून चालायला लागला तर मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवत, म्हातारा माणूस सपाता घासत जातो तसा. कुणाला न विचारता तो आत आला, इस्त्रीजवळच्या बादलीशी गेला आणि पाणी प्यायला लागला. लागला तो थांबेचना.

"बादली संपली की नळाला तोंड लावेल," काजवाली म्हणाली.

काजवाली म्हणजे दुकानातली सगळ्यात जुनी बाई. सोफ्याच्या कव्हरांना काजं करायला म्हणून आली, काजं मशीनवर व्हायला लागली तरी ती राहिली. सकाळचं शटर ती उघडायची आणि थोरलीला उलट बोलायचा हक्क साऱ्या दुकानात तिला एकटीला होता.

"पिऊ दे," थोरली म्हणाली. "तहानलेल्याला हाकलू नये. पोट भरलं की जाईल आपल्या वाटेनं."

आता त्या दुकानाची एक रीत सांगायला हवी. मागच्या खोलीत मशीनं सुरू झाली की कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू जात नसे. मध्ये कापड बेतायचं लांब टेबल होतं आणि त्याच्या कडेला लोखंडी पट्टी ठोकलेली होती. थोरलीच्या मधल्या बोटात पितळी अंगुस्तान असायचं, सुई ढकलायची टोपी. ते बोट ती पट्टीवर वाजवायची. दोन ठोके, मग जरा थांबून एक. टक टक. टक. तो आवाज मशीनांच्या धडधडीतूनही सरळ कानात जायचा. सकाळी तो वाजला की पाव-अंडी खायला या, संध्याकाळी वाजला की मशीनं थांबवा, चहा घ्या आणि घरी जा. नवरा लवकर गेला, तेव्हा तिची दोन्ही मुलं त्याच टेबलाखाली चिंध्यांच्या गादीवर वाढली. ठोका पडला की खालून दोन डोकी बाहेर यायची. ठोका कुणी द्यायचा यावरून मुलगा आणि लेक एकमेकांचे केस ओढायचे.

त्या सकाळी थोरलीनं ठोका दिला. बायका हात धुऊन आल्या. आणि बादलीशी बसलेला तो बोका उठला, टाचा घासत टेबलाशी आला, थोरलीच्या पायाजवळ तिच्याकडे पाठ करून बसला आणि मान खाली घातली.

सगळ्या हसायला लागल्या. थोरलीही हसली. "बघा, आयता आला, बसला, आणि मानपान झाला नाही म्हणून पाठ फिरवून रुसला. हा तर जावई." मग काउंटरवरच्या लेकीकडे बघून म्हणाली, "तुला कुणी पसंत पडेना, आता माझा मीच आणला."

लेक एरवी असल्या बोलण्याला दोन शब्द परत करायची. लग्नाचा विषय निघाला की तिची जीभ आईपेक्षा धारदार व्हायची. त्या दिवशी ती नुसती हसली आणि बोक्यासाठी बशी आणायला आत गेली. थोरलीला वाटलं, पोरीला जनावराची कणव आली. बरंच आहे.

अशा तऱ्हेनं जावई राहिला. केसांचा प्रश्न होता, तो थोरलीनं आपल्या पद्धतीनं सोडवला. पांढरं कापड बेतायचं असेल तेव्हा जावयाला जिन्यात बंद करायचं आणि बाकी वेळी टेबलाखाली. पण जावयाचं खाणं म्हणजे नुसतं आत ओतणं होतं. मासा दिला मासा फस्त, अंडं दिलं अंडं फस्त, आणि अंगावर एक तोळा मांस चढेल तर शपथ. पाणी पिऊन पिऊन टेबलाखाली तळं करायचा. एके दिवशी काजवालीनं ते तळं पुसायला फडकं टाकलं आणि थोरलीला हाक मारली. तळ्याभोवती मुंग्यांची रांग लागली होती, सांडलेल्या सरबताला लागते तशी.

थोरली वाकून बघत राहिली. मुंग्या कशाला जमतात हे कळायला शाळा लागत नाही. "जावयाला साखर झालीय," ती म्हणाली. "घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं."

प्राण्यांच्या डॉक्टरकडे ती आणि काजवाली गेल्या, बोक्याला कव्हरांच्या पिशवीत घालून. डॉक्टरीण तरुण होती. तिनं कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब घेतला, यंत्र बघितलं आणि सांगितलं की माणसाला होतो तोच डायबिटीस मांजरालाही होतो. सकाळ-संध्याकाळ खाणं झालं की इन्सुलिनची सुई, मानेमागची सैल कातडी चिमटीत धरून. वेळ चुकवायची नाही. सुई जास्त गेली आणि तो लडखडायला लागला तर हिरड्यांना मध चोळायचा. मग म्हणाली की हा फारच शांत आहे, कानाला टोचलं तरी हलला नाही. थोरली म्हणाली, माझ्या दुकानात राहून शिकला असेल, तिथं दिवसभर सुयाच चालतात.

संध्याकाळी तिनं इन्सुलिनची कुपी हातात घेतली आणि खोकल्याच्या औषधासारखी खळखळ हलवायला लागली. डॉक्टरिणीनं काहीतरी सांगितलं होतं, पण इतक्या सूचनांत ते गळून पडलं होतं.

"हलवू नकोस," लेक बिलांवरून मान वर न करता म्हणाली. "दोन तळव्यांत धरून फिरव नुसती."

थोरलीनं फिरवली. पोरगी शिकलेली आहे, कुठंतरी वाचलं असेल.

आता गंमत बघा. जिनं आयुष्यभर जाड गाद्यांतून सुया आरपार नेल्या तिला या केसाएवढ्या सुईनं घाम फोडला. जावयाला पकडायचं कुणी, धरायचं कसं, तो बोचकारेल का, यावर चर्चा झाली. मशीनवाल्या दोघींनी हाताला चिंध्या बांधल्या. काजवाली मात्र म्हणाली, आधी खाणं दे, ठोका दे, बघू.

थोरलीनं ठोका दिला. जावई आला, बशी साफ केली, तिच्याकडे पाठ करून बसला आणि मान खाली घातली. खांद्यांमधली कातडी अगदी चिमटीत येईल अशी सैल सोडून दिली आणि वाट बघत राहिला.

कुणी हसलं नाही. थोरलीनं चिमटी धरली, सुई टोचली, काढली. बोका उठला, अंग झाडलं आणि कोपऱ्यात जाऊन तोंड पुसत बसला.

"म्हणजे रुसला नव्हता," थोरली हळू म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सुई मागत होता."

एवढं कळलं आणि तिचं टाळकं सरकलं. म्हणजे हा उकिरड्यावरचा नव्हता. याला कुणीतरी पाळलं होतं, रोज सकाळ-संध्याकाळ सुई देऊन पाठ करायला शिकवलं होतं, आणि मग कंटाळा आला तसा आणून रस्त्यावर टाकला होता. सुईशिवाय हा फार टिकणार नाही हे माहीत असून टाकला होता. थोरली टेबलाच्या मधोमध उभी राहिली आणि तिनं त्या माणसाचा उद्धार केला. तिची शिवी शेजारच्या चावीवाल्यापर्यंत ऐकू जायची. त्या दिवशी पार कोपऱ्यावरच्या पाववाल्यापर्यंत गेली. ठेवायला जमत नाही तर पाळावं कशाला, आणि टाकायचं तर तोंड लपवून कशाला, असं बरंच काही. शेवटी म्हणाली:

"माणूस असा आपोआप होत नाही. घरातून येतं ते. असल्याला जिनं जन्म दिला तिनं त्याला काय शिकवलं असेल, मला त्या बाईचं तोंड बघायचंय एकदा."

मशीनवाल्यांनी मशीनं सुरू केली. लेक बिलं मोजत राहिली. काजवाली सुईत दोरा ओवत होती, तो काही केल्या ओवला जाईना.

मग जावई सुधारला. पाणी कमी झालं, मुंग्या गेल्या, पाठीच्या मणक्यांवर मांस आलं. एके दिवशी थोरलीच्या लक्षात आलं की तो टाचा टेकवत नाही, नीट पंजांवर चालतो. त्या दिवशी तिनं प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याची चाल दाखवली. पडदे राहिले बाजूला. "माझ्या हाताला गुण आहे," ती म्हणायची आणि जावई काउंटरवर चढून बसला तरी तिला केस दिसायचे नाहीत.

एक जण मात्र जावयाची चाल बघायला आत येत नव्हता. तिचा मुलगा.

त्याची हकिकत अशी. दोन्ही पोरांत हात त्याचा चांगला होता. मशीन टाका सोडायला लागलं की त्यानं कान लावायचा आणि सांगायचं, कुठं अडलंय. पण तो ऑफिसात लागला, लग्न झालं, सुनेनं वेगळं घर मागितलं. थोरलीनं जा म्हटलं. घर मागण्यात तिला काही वाईट वाटलं नाही. तिनं कुणाला न सांगता त्यांच्या नव्या घरासाठी पडदे शिवले, जाड निळ्या कापडाचे, आतून अस्तर लावलेले. गाठोडं काखेत मारून ती गेली. त्यांच्या इमारतीखाली उभी राहिली आणि वर बघितलं. सगळ्या खिडक्यांना पडदे लागलेले होते. बाजारातले, तयार, खालची दुमड मशीननं ओढलेली, रस्त्यावरूनही वाकडी दिसत होती. पडदे शिवणाऱ्या बाईच्या मुलाच्या घरात. थोरलीनं जिन्यावर पाय ठेवला नाही. तशीच परत आली आणि गाठोडं माळ्यावर टाकलं. त्यानंतर मुलानं कितीदा बोलावलं, सुनेनं दोनदा फोन केला, थोरली म्हणायची, वेळ नाही. का ते तिनं कधी सांगितलं नाही. असल्या गोष्टी सांगायच्या नसतात, समोरच्यानं ओळखायच्या असतात.

मुलगा मात्र येत राहिला. आठवड्यातून एकदा ऑफिस सुटलं की यायचा, टेबलाशी बसायचा, संध्याकाळच्या ठोक्याला सगळ्यांबरोबर चहा प्यायचा. जावई आल्यापासून तो काउंटरवरच उभ्यानं चहा घ्यायला लागला होता. घाई आहे, गाडी बाहेर आहे, फोन यायचाय. आणि संध्याकाळचा ठोका पडायच्या आत निघून जायचा.

एका सकाळी थोरली जिन्यातून उतरत होती. उशीर झाला होता, म्हणून एका मशीनवालीनं तिच्याऐवजी कात्रीनं लोखंडी पट्टीवर ठोके दिले. टकटकटक, ओळीनं. जावई टेबलाखाली पडलेला होता. त्यानं कानही हलवला नाही.

थोरली तिथंच जिन्यात थांबली. मग खाली आली, मशीनवालीच्या हातून कात्री घेतली, ओळीनं तीन ठोके दिले. जावई पडलेलाच. मग तिनं दोन दिले, थांबली, एक दिला. जावई उठून आला, पाठ केली, मान घातली.

म्हणजे पितळ ओळखीचं नव्हतं, हात ओळखीचा नव्हता. ठोका ओळखीचा होता. आणि हे त्यानं पहिल्याच सकाळी केलं होतं, तिच्या दुकानातला ठोका त्यानं एकदाही ऐकलेला नसताना.

तिनं सुई दिली. पाव-अंडी खाल्ली. कामाला बसली. आणि टाके घालता घालता एकेक करून माणसं बाजूला काढत गेली. हा ठोका जगात किती जणांना येतो? काजवालीला येतो, पण मांजर जवळ आलं की तिला शिंका सुटतात. मशीनवाल्यांनी रोज ऐकलाय, पण त्यांनी तर सुईच्या दिवशी हाताला चिंध्या बांधल्या होत्या. लेकीला येतो, ती याच घरात झोपते. राहिला कोण? काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला त्या बाईचं तोंड बघायचं होतं ना, ते तर रोज सकाळी आरशात दिसत होतं.

आणि मग तिला कुपी आठवली. हलवू नकोस, दोन तळव्यांत धरून फिरव नुसती. मानसुद्धा वर केली नव्हती पोरीनं.

  तिनं मुलाला निरोप धाडला की मशीन टाका सोडतंय, ऑफिस सुटल्यावर ये, आत येऊन बघ.

मशीन खरंच सोडत होतं. तिनंच दुपारी पट्टा सैल केला होता. मुलगा आला. जावई वर जिन्यात झोपला होता, म्हणून तो निर्धास्त बसला. पट्टा घट्ट केला, तेल घातलं, चिंधीवर दोन टाके मारून बघितले. हाताची सफाई तीच होती. थोरलीनं ते बघितलं. मग तिनं बोटातलं अंगुस्तान काढलं आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"संध्याकाळ झाली. वाजव."

"तूच वाजव ना, आई."

"लहानपणी यासाठी बहिणीचे केस उपटायचास. वाजव आज."

त्यानं बहिणीकडे बघितलं. त्या बघण्यातच सगळं आलं. पुढचं झालं नसतं तरी चाललं असतं. पण त्यानं वाजवलं. टक टक. टक.

जिन्यातून जावई उतरला. तो थोरलीकडे आला नाही. मुलाच्या बुटावर डोकं घासलं, एकदा, दोनदा, मग त्याच्याकडे पाठ केली आणि मान खाली घातली. मशीनं आपोआप थांबली होती.

"नाव काय याचं?" थोरलीनं विचारलं.

मुलानं बोक्याच्या पाठीवर हात ठेवला. "बटण," तो म्हणाला.

"छान ठेवलंय." ती खुर्चीवर बसली. "मांजर टाकतात ते एक तर मेलेले असतात, नाही तर घर हलवणारे. तू तर जिवंत दिसतोस. कुठं निघालात?"

मग ते बाहेर आलं, टाका उसवावा तसं एका टोकानं. सुनेचा भाऊ परदेशात होता, त्यानं दोघांसाठीही काम बघितलं होतं. घर देऊन टाकलं होतं, सामान गेलं होतं. निघायच्या धांदलीत बोक्याच्या सुयाही चुकत गेल्या होत्या. याच आठवड्यात निघणार होते, आणि परत यायचं असं काही ठरलेलं नव्हतं. आजारी मांजराला तिकडे घेत नव्हते, इथं ओळखीतलं कुणी सुया द्यायला तयार नव्हतं. सून दोन दिवस रडली. तेव्हा लेकीनं सुचवलं की आईच्या पायरीवर ठेव, ती बोंब मारेल पण ठेवून घेईल. आणि जायचं कधी सांगणार होतास, असं थोरलीनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, तिकडे पोचलो की फोनवर.

"मांजर ठेवून घे, असं का म्हणाला नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, बायकोचं मांजर बायकोच्या आईकडे ने."

"म्हणाले असते," थोरली म्हणाली. "आणि मग ठेवून घेतलं असतं. हे तुला ठाऊक नाही? माझ्या पोटचा ना तू?"

तो बोटाला लागलेलं तेल चिंधीला पुसत राहिला.

"बरं, पायरीवर ठेवलंस, तेव्हा दार का नाही वाजवलंस?"

"तू उघडलं असतंस, आई."

 थोरलीनं मान वळवून काजवालीकडे बघितलं. "शटर तू उघडतेस."

काजवालीनं पदरानं नाक पुसलं. बोका जवळ होता. "टोपली घेऊन उभा होता गं. म्हणाला, बोलू नकोस. याच टेबलाखाली मी त्याला पेज भरवलीय, मी काय करू?"

"आणि तुम्ही?" मशीनवाल्या दोघी खाली बघत होत्या. त्यांनाही नंतर कळलं होतं; लेकीनंच सांगितलं होतं, चुकून कुणी बोलू नये म्हणून.

"म्हणजे मी इथं उभी राहून त्याच्या आईला शिव्या घालत होते," थोरली म्हणाली, "आणि तुम्ही सगळ्या खाली माना घालून शिवत होतात. एकीच्याही तोंडून निघालं नाही, की बाई, थांब, ती तूच."

लेक पुढं आली. म्हणाली, दादा स्वतः सांगणार होता, दर वेळी ठरवायचा, दर वेळी तुझं तोंड बघून परत जायचा. तू त्याच्या घरी कधी पायही ठेवला नाहीस, त्याला वाटतं तुला त्याचं काहीच बघायचं नाही. थोरलीची नजर माळ्याकडे गेली. निळ्या गाठोड्याचं एक टोक तिथून दिसत होतं, कधीपासून दिसत होतं. एक शब्द बोलली असती तर त्या टोकानं सगळं उलगडलं असतं. पण ती अशी बाई नव्हती, आणि त्या दिवशी तर मुळीच नव्हती.

मुलगा उठला. निघायच्या दिवशी येऊन जाऊ का, असं त्यानं विचारलं.

"दारात ठेवून न बोलता जायची तुला सवय झालीय," थोरली म्हणाली. "तसाच जा."

त्यानं अंगुस्तान टेबलावर नीट पालथं ठेवलं आणि तो गेला. जावई त्याच्या मागे शटरपर्यंत गेला, पंजांवर, ऐटीत, थोरलीनं बरा केलेल्या पायांनी. मग तिथंच बसला. त्या संध्याकाळची सुई थोरलीनं त्याला शटरपाशी जाऊन दिली.

सगळ्या गेल्यावर ती स्टुलावर चढली, गाठोडं खाली ओढलं आणि निळे पडदे टेबलाखाली चौघडी करून अंथरले. अस्तराची बाजू वर, म्हणजे जावयाला मऊ लागेल. लेक जिन्यात उभी राहून बघत होती. हे कुणाचे पडदे, केव्हा शिवले, तिनं विचारलं. थोरली म्हणाली, मांजराचे.

दुसऱ्या दिवसापासून तिनं ठोका बंद केला. अंगुस्तान बोटात होतं, पण पट्टीला लागत नव्हतं. ज्याला भूक लागेल त्यानं खावं, ज्याला घरी जायचं त्यानं घड्याळ बघावं. माझ्या ठोक्यावर येणारी माणसं मी बघितली, ती म्हणाली, आता ठोका नको नि माणसं नकोत. सकाळी बायका आपापल्या मशीनशी बसून पाव खाऊ लागल्या. लेक काउंटरवर उभ्यानं खाऊ लागली. त्या खोलीत मशीनं बंद असतानासुद्धा कुणी बोलत नव्हतं.

पण जावयाला हे कोण सांगणार? थोरलीनं बशी ठेवली तर तो येईना. हाक मारली, तो येईना. जावई म्हटलं, बटण म्हटलं, तो निळ्या पडद्यांवर पडून नुसता बघायचा. तिनं उचलून आणला तर हातातून निसटला आणि मशीनांच्या मागे जाऊन बसला. पहिल्या दिवशी खाणं उशिरा झालं आणि सुईही. दुसऱ्या दिवशी आणखी उशिरा. तिसऱ्या सकाळी तो बादलीशी जाऊन पाणी प्यायला लागला आणि थांबेना. थोरली बघत होती. तो पाण्यावरून वळला तेव्हा त्याची डावी टाच जमिनीला लागली. एकच पाऊल, पण तिनं बघितलं.

ती टेबलाशी गेली. पट्टीसमोर उभी राहिली. मशीनवर बसलेल्या बायका आणि काउंटरवरची लेक काम करायचं सोंग करत होत्या, आणि ते तिला चांगलं कळत होतं. डोळे मिटून दूध पिणारी मांजरं बघून तिचं आयुष्य गेलं होतं.

तिनं ठोका दिला. दोन. थांबली. एक.

जावई आला. पण जावई एकटा आला नाही. मशीनं थांबली, खुर्च्या सरकल्या, काजवाली शिंकत आली, मशीनवाल्या आल्या, काउंटरवरून लेकही आली आणि टेबलापासून हातभर लांब थांबली. इतक्या वर्षांची सवय. पाय विचारून थोडेच उचलतात.

थोरलीनं कुणाकडे बघितलं नाही. जावयानं बशी साफ केली, पाठ केली, मान घातली. तिनं कुपी दोन तळव्यांत फिरवली, चिमटी धरली, सुई दिली. मग ती सरळ उभी राहिली.

"तुम्हाला बोलावलं नव्हतं," ती म्हणाली. "बोक्याला बोलावलं होतं." तिनं पावाची पिशवी सोडली.  "आलाच आहात तर खाऊन घ्या. अंडी गार होतात."

बायका बसल्या. लेकीनं आईपुढं बशी सरकवली. थोरलीनं ती घेतली नाही, दुसरी घेतली. टेबलाच्या टोकाला मुलाची जागा होती, तिथं सगळ्यांच्या पिशव्या ठेवलेल्या होत्या, आणि त्याच दिवशी तो निघणार होता हे टेबलाशी बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. थोरलीला कुणी सांगितलेलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही. ती पाव मोडत बसली, आणि जावई शटरपाशी जाऊन, रस्त्याकडे तोंड करून, पाठ तिच्याकडे, बसून राहिला.